काकांचे तीन पापे

आमच्या डच गावातल्या बाळांच्या दवाखान्यात नर्सबाईंनी आयांचा वर्ग घेतला. मुलांवर अत्याचार होऊ नये म्हणून आईनं काय करावं, ते सांगायला. माझी बहीण हिल्डे पहिल्या रांगेत बसली होती. "मूल नको म्हणालं की नको," हे तिनं वहीत लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि आठवडाभर सगळ्या गल्लीला ऐकवलं.

रविवारी तिचा वाढदिवस होता. रीतीप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्या, हातात केकचा एकेक तुकडा, आणि येणाऱ्यानं प्रत्येकाच्या गालावर तीन पापे द्यायचे. तिचा दीर विबे आला. त्यानं हात पसरले, तशी हिल्डेची सहा वर्षांची लेक येल्टे माझ्या खुर्चीमागे दडली.

"मला नको," ती म्हणाली.

"जा गं, लाडोबा! काकांना वाईट वाटेल," हिल्डे म्हणाली.

"हिल्डे, वहीत काय लिहिलंयस?" मी विचारलं.

"अगं आउक्ये, ते परक्या माणसांसाठी! हे तर घरचे काका."

"आता पाप्यासाठी अर्ज करू की काय?" विबे म्हणाला. सगळं रिंगण हसलं.

हिल्डेनं लेकीला दंड धरून पुढे ढकललं. येल्टेनं डोळे गच्च मिटले. तीन पापे झाले.

"शहाणी माझी बाय!" वर्गातली हुशार आई कौतुकानं म्हणाली.

मी हात पुढे करून येल्टेला जवळ बोलावलं. ती दोन पावलं अलीकडेच थांबली.

"मावशी, तुला पण द्यायचे का?"