पाणी हाताशी होतं

एक होता सुतार, एक होती त्याची बायको, एक होती त्याची आई, आणि त्या तिघांच्या मधे आडवी आले मी. मी एक घडवंची बोलतेय. साधी पाण्याची नव्हे हं, देवळातली, बाप्तिस्म्याची. डोक्यावर कथलाचं रुंद भांडं, कमरेला गोल पट्टी आणि खाली तीन पाय, तेही बाहेर फाकलेले. चार पायांची वस्तू ओबडधोबड फरशीवर डुगडुगते, तीन पायांची डुगडुगत नाही, हे मला सुतारानंच सांगितलं. माणसांचंही तसंच असावं असं मला तेव्हा वाटायचं. घरात ते तिघंच होते ना.

आमची मंडळी लूथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची, आणि अगदी लहान. इतकी की एखाद्या रविवारी दोन घरं सर्दीनं झोपली तर गीताचा खालचा सूर धरायला कुणी उरत नसे. पाळकसाहेबांच्या गळ्यात अशा आणखी मंडळ्या होत्या, त्यामुळे ते एक रविवार आमचे, तर पुढचा दुसऱ्यांचे. घंटा वाजवायला एक म्हातारा होता. त्याला लहानथोर सगळे टणटणकाका म्हणत. दोर ओढून ओढून त्याचा एक खांदा खाली आला होता. जीभ मात्र कधी खाली बसली नाही.

देवळातलं बाप्तिस्म्याचं जुनं दगडी कुंड एका थंडीत तडकलं. तेव्हापासून पाळकसाहेबांच्या स्वयंपाकघरातली परात खुर्चीवर ठेवायची आणि लेकरांचा बाप्तिस्मा उरकायचा, असं चाललं होतं. टणटणकाका म्हणायचा, "साहेब, लेकराला देवाच्या घरात घेताय, का नुसतं विसळून ठेवताय?" सगळे हसायचे. सुतार हसायचा नाही.

त्याला मूल नव्हतं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती. कुणाच्या लेकराचा बाप्तिस्मा असला की त्याची बायको गीतांच्या पुस्तकात डोकं घालून बसायची, गीत संपलं तरी. आणि मग, सगळ्यांनी आशा सोडल्यावर, तिला दिवस गेले. सासू म्हणाली, "बघ, देव बहिरा नाही. जरा हळू चालतो एवढंच." आणि सुतारानं त्याच दिवशी माळ्यावरून अक्रोडाची फळी खाली काढली. बापाच्या हातची ठेवणीतली, कुणाला कधी न दिलेली. म्हणाला, "माझं लेकरू परातीत नाही."

तो माझा जन्म.

रंधा मारता मारता तो माझ्याशी बोलायचा. बायकोशी नाही बोलायचा इतकं. माणसांची ही गंमतच आहे, ज्याला कान नाहीत त्याच्यापाशी मन मोकळं करतात. आमच्या मंडळीत बाप्तिस्म्याआधी लेकराचं नाव तोंडातून काढत नाहीत. नाव आधी देवापुढे घ्यायचं, मग शेजारणींपुढे. पण त्यानं मला सांगितलं. मुलगी झाली तर हे, मुलगा झाला तर ते. पट्टी घासता घासता फुंकर मारायचा, आणि त्या फुंकरीसोबत नाव.

मुलगी झाली. गोरीपान, मुठी आवळलेली, आवाज मोठा. घरात तिला सगळे पिटुकली म्हणायला लागले. नाव नव्हतं ना अजून.

आजी पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "येत्या रविवारी उरकून टाक रे. पाळक येणारेत."

"तेल सुकलं नाहीये आई. लेकराचा पांढरा अंगरखा खराब होईल."

"अंगरखा धुता येतो."

"पुढच्या खेपेला. एकदाच तर होणार."

पुढच्या खेपेला त्याला माझ्या एका पायाचा सांधा रुचेना. उघडून परत बसवला. त्याच्यापुढच्या खेपेला पुन्हा तेलाचा हात. त्याची बायको पिटुकलीला खांद्यावर टाकून कारखान्याच्या दाराशी यायची. कारखाना म्हणजे घरालाच जोडलेली खोली, मधे एक दार.

"पुरे की आता. छान झालीये."

"देवासमोर अर्धवट काम नेऊ?"

"देवाला रंध्याचे चरे दिसतात होय?"

"त्याला नाही दिसणार तर कुणाला?" असं म्हणून तो हसायचा. ती पण हसायची. मी पण चमकायचे, खोटं कशाला बोलू. कुणी आपल्यावर इतकं तेल आणि इतकी माया ओतली की लाकडालाही गर्व येतो.

मग पिटुकलीला सर्दी झाली. सर्दीच ती, सगळ्या लेकरांना होते. पण तिसऱ्या प्रहरी तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली आणि ओठ निळे पडले. शेजाऱ्याला डॉक्टरकडे पिटाळलं. पाळकसाहेब त्या दिवशी दुसऱ्या मंडळीकडे. आजीनं लेकराकडे एकदाच बघितलं. तिनं पाच पोरं वाढवली होती आणि दोन पुरली होती, तिला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

"आता कुणाची वाट बघायची नाही," ती म्हणाली. "अडचणीच्या वेळी कुणीही विश्वासणाऱ्यानं पाणी घालावं. तूही पाठ केलंयस, मीही केलंय. मी घालते." आणि तिनं चुलीशेजारच्या बादलीत पेला बुडवला.

आणि सुतार ओरडला, "थांब! त्यातून नको. तयार आहे ती. आणतो!"

तो धावत आला आणि त्यानं मला उचललं. आदल्या रात्रीचं तेल चिकटच होतं, हात सटकत होते. मला छातीशी धरून तो मधल्या दाराकडे वळला आणि माझे पाय चौकटीत अडकले. फाकलेले पाय ना. अख्ख्या गावाची दारंखिडक्या मापणाऱ्या माणसानं आपल्या घरातल्या दाराचं माप घेतलं नव्हतं. त्यानं मला आडवी केली, तिरपी केली, एक पाय आत घातला की दुसरा बाहेर राही. पलीकडून आजी विचारत होती, "घालू का? अरे बोल की, घालू का?"

"आणलीच! आलोच!"

त्यानं खांद्यानं धक्का दिला. चौकटीचा टवका उडाला आणि मी आत गेले. तेव्हा त्याची बायको म्हणाली, अगदी हळू, कुणी झोपलं असताना बोलतात तसं:

"राहू द्या. राहू द्या आता."

आजी भरलेला पेला हातात धरून तशीच उभी. मेलेल्याला बाप्तिस्मा देत नाहीत, हेही तिला पाठ होतं.

मी पाहिलं ते एवढं. ज्या घरासाठी मी घडले, त्या घरात मी पाऊल टाकलं ते असं.

पुरताना पाळकसाहेब म्हणाले, आणि घरी येऊन पुन्हा म्हणाले, "या लेकरासाठी आईनं पोटात असल्यापासून जे उसासे टाकले, ते सगळे देवानं प्रार्थना म्हणून घेतलेत. त्याला लेकरू ओळखायला पाणी लागतंच असं नाही. ती त्याच्यापाशी आहे." बायकोनं ते घट्ट धरलं, बुडणाऱ्यानं दोर धरावा तसं. आजीनं मान डोलवली. सुतार म्हणाला, "त्यानं घेतली असेल, साहेब. मी दिली नाही."

तिच्या क्रुसावर नाव घातलं नाही. नाव देवापुढे घेतलंच नव्हतं तर क्रुसावर कुठल्या तोंडानं घालणार? ते नाव त्याला ठाऊक होतं, आणि मला. मी ते कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो कुऱ्हाड घेऊन माझ्यासमोर आला. बायको आडवी आली.

"हिनं काय केलंय?"

"मग कुणी केलंय?"

ती गप्प राहिली. त्या एका गप्प राहण्यानं त्या घराची जी वाट लागली, ती कुऱ्हाडीनंही लागली नसती. शेवटी म्हणाली, "लोकांची लेकरं परातीपाशी थांबलीत. देवळात पाठवा हिला." मग टणटणकाका आला आणि मला हातगाडीवर घालून घेऊन गेला. वाटेत एक शब्द बोलला नाही. त्याला गप्प बसलेलं मी तेव्हाच पाहिलं.

तेव्हापासून मी देवळात, वेदीच्या डाव्या अंगाला. किती लेकरं आली माझ्यापाशी! बाप सगळे सारखेच, पाळकानं प्रश्न विचारला की आधी खाकरतात. आज्या भांड्यात बोट बुडवून बघतात, पाणी कोमट आहे ना. मावश्या नाकावरून भांडतात, आमचं की तुमचं. लेकरं माझी कड धरतात आणि सोडत नाहीत, एक एक बोट सोडवावं लागतं. लोक म्हणायचे, काय सुरेख काम आहे. आणि ज्याचं काम, तो आत येत नव्हता. उपासनेला बायकोला आणि आईला दारापर्यंत सोडायचा आणि कुंपणाच्या भिंतीवर बसून राहायचा. आत गीत सुरू झालं की बाहेर त्याच्या काडीपेटीचा आवाज यायचा.

त्याची बायको दर शनिवारी मला पुसायला यायची. कुणी सांगितलं नव्हतं. तेल लावायची, पायांच्या खाचांतून फडकं फिरवायची आणि बोलायची. "आज मीठ मागितलं त्यांनी," म्हणायची. "पूर्ण आठवड्यात तेवढंच." कधी म्हणायची, "मी तेव्हा त्यांना म्हणायला हवं होतं, 'तुम्ही नाही केलं.' पण माझ्या जिभेवर ते येईना. अजून येत नाही."

एकदा आजी एकटीच आली. काठी टेकत, माझ्यासमोर उभी राहिली आणि मला खूप बोलली. "भवाने, तू एवढी फाकलेल्या पायांची कशाला झालीस?" म्हणाली. मग माझ्याच कडेला धरून खाली बसली. "तुला तरी काय बोलायचं. पेला माझ्या हातात होता. देवाचं ऐकायचं सोडून मी पोराचं ऐकलं. त्यानं थांब म्हटलं आणि मी थांबले. आई होते ना त्याची." प्रभुभोजनाचा प्याला हातात घेताना तिचा हात कापायचा, तो म्हातारपणानं कापतो असं सगळे समजायचे.

अशी वर्षं गेली. माझ्या एका पायाला उधई लागता लागता राहिली. भांड्याला पोचा आला, एका लग्नात कुणीतरी त्यावर टोपल्या ठेवल्या म्हणून. आणि एका शनिवारी सुताराची बायको आली, फडकं हातात घेतलं आणि पुसायचं सोडून माझ्या कडेवर कपाळ टेकून उभी राहिली. पोट आड येत होतं. या वयात! टणटणकाकाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "देव हळू चालतो म्हणतात, पण हा तर वाटेत जेवायला थांबला होता."

मग माझ्या मनात आलं, तुम्ही म्हणाल लाकडाला कसलं मन, पण आलं. या खेपेला माझ्यावर. या खेपेला त्याचं लेकरू, माझं भांडं, आणि तो आत येईल. मी वाट बघायला लागले. सांध्यात पाणी मुरून मी फुगले होते तरी ताठ उभी राहायचे.

पुढचं मला कळलं ते टणटणकाकाच्या भांडणातून. शनिवारी संध्याकाळी तो तणतणत देवळात आला, मागे उद्याच्या उपासनेसाठी आलेले पाळकसाहेब.

"साहेब, ही काय रीत झाली? मुलगा झालाय, ठणठणीत. नाळ कापून तास झाला नसेल, तर ह्या सुतारानं हाताला सापडेल ते भांडं घेतलं, दाढीचा मग हो, साबणाचा वास येणारा, आणि आईच्या हातात कोंबला!"

"आणि?"

"आणि म्हातारीनं घातला बाप्तिस्मा. ना लेकरू आजारी, ना काही. चार दिवसांवर रविवार होता, तुम्ही येणार होतात. ते काही नाही, तुम्ही पुन्हा द्या. रीतसर, या घडवंचीवर."

"सुतार काय म्हणाला आईला?"

टणटणकाकाचा आवाज खाली आला. "सुईण सांगत होती. म्हणाला, 'आई, मागं मी तुला थांब म्हणालो होतो. आता म्हणत नाही.'"

पाळकसाहेब बाकावर बसले. मग विचारलं, "पाणी होतं?"

"होतं."

"पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं?"

"म्हातारी चुकते होय? तीनदा घातलं. हात कापला तर चौथ्यांदाही सांडलं थोडं, पोराला शिंक आली."

"मग झाला बाप्तिस्मा. देवानं एकदा केलेलं मी परत कसं करू?"

म्हणजे बघा, ज्याच्या लेकरासाठी मी जन्मले, त्याच्या लेकराचं पाणी माझ्या डोक्यावर कधीच येणार नव्हतं. एका दाढीच्या मगानं ते पुण्य नेलं. लाकूड रडत नाही म्हणतात. नसेल. त्या रात्री माझा एक सांधा मोठ्यानं तडकला, एवढं खरं.

पण मी रागावले नाही. तुम्हाला हात जोडून सांगते, मला हात नाहीत तरी सांगते: चांगल्या भांड्यासाठी थांबू नका. ना पाण्यासाठी, ना मायेसाठी, ना 'तुमची चूक नाही' एवढं म्हणण्यासाठी. जे हाताशी असेल त्यातून ओता.

रविवारी माझं भांडं कोरडं होतं. घंटा झाली, गीत सुरू झालं आणि दार उघडलं. आधी आजी, मग सुताराची बायको, आणि तिच्यामागे लेकरू कुशीत घेऊन सुतार. उंबऱ्यावर तो अडखळला. बायकोनं मागे वळून त्याचा कोपर धरला आणि काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही, गीत चालू होतं. पण तो एकदम खाली बघायला लागला. मग तो आत आला.

ते तिघं, नव्हे चौघं, पुढच्या बाकावर बसले. पाळकसाहेबांनी लेकराचं नाव मंडळीसमोर मोठ्यानं वाचलं आणि सगळे आमेन म्हणाले. त्या आवाजानं लेकरू जागं झालं आणि जे रडायला लागलं, ते गीत संपलं तरी रडतंच, उपदेश सुरू झाला तरी रडतंच. मागून कुणीतरी शुक् केलं. सुतार मागे वळून म्हणाला, "रडू द्या की. चांगली छाती आहे त्याची."