दांड्याला तेल लावू नका

मी एक जुना घण आहे मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकतो, मला माणसं फारशी आवडत नाहीत. चार किलोचं लोखंडी डोकं आणि धामणीच्या लाकडाचा दांडा, एवढाच माझा जीव. तलासरीच्या एका लोहाराने मला भट्टीत लाल केलं आणि ठोकून ठोकून घडवलं. जन्मतानाच ज्याने एवढा मार खाल्ला, त्याच्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा धरू नका.

वेवजीच्या बाबल्याने मला विकत घेतलं. तो विहिरी खोदायचा. मसोलीला रतनभाऊंच्या चिकूच्या वाडीत विहीर खोदताना काळा पाषाण लागला, तो मी फोडला. पाणी लागलं तेव्हा पेढे वाटले, रतनभाऊंनी विहिरीला नारळ वाहिला, सगळ्यांनी पाण्याचं कौतुक केलं. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. बाबल्याचे खांदे गेले होते. त्याने ते काम सोडलं आणि मला तिथेच ठेवून गेला. मग पंपाच्या खोलीचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून मला दाराशी टेकवून ठेवलं. पाषाण फोडणाऱ्याला ही नोकरी!

तिथेच मला मयुरा भेटली. ही रतनभाऊंची मुलगी. वडिलांचे गुडघे दुखायला लागल्यापासून वाडी तीच पाहायची. पण चिकू काढताना ती शिडीवरून पडली आणि उजवा हात मोडला. प्लॅस्टर निघालं तरी बोटं मिटेनात, चहाचा कपसुद्धा हातातून सुटायचा. आणि या घरची रीत अशी, की वाडी सांभाळणाऱ्याने स्वतः झेला धरायचा. झेला म्हणजे टोकाला जाळी बांधलेला लांब बांबू. दिवसभर तो वर धरून चिकू उतरवायचे, तेव्हा बोटांचा कस लागतो. मालकाला झेला पेलत नसेल, तर मजूर पाठीमागे हसतात.

तिचा मोठा भाऊ विपुल डहाणूला मोबाइलचं दुकान चालवतो. त्याला वाडी ठेकेदाराला देऊन टाकायची होती. रतनभाऊंनी दोघांना सांगितलं, की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला बोलवा. तोवर मयुराच्या हातात जोर आला तर वाडी तिची, नाहीतर ठेक्याने जाईल.

म्हणून ती माझ्याकडे आली. घण धरून बोटांना जोर आणायचा व्यायाम तिने मोबाइलवर पाहिला होता. माझं डोकं खाली लोंबकळत ठेवून ती बोटं एकेक करून दांड्यावर चालवायची. मग मला उभा धरायची आणि फक्त मनगट वाकवून माझं डोकं हळूहळू आपल्या नाकापर्यंत आणायची, पुन्हा उभं करायची. सुरुवातीला ती मला डोक्याजवळ धरायची. जसा जोर वाढला तशी मूठ दांड्याच्या टोकाकडे सरकली, कारण तिथून मी खरा जड लागतो. मी मुद्दाम होता नव्हता तेवढा भार टाकायचो. कितीदा तिच्या पायाशी आदळलो. ती मला मेल्या म्हणायची आणि घाम पुसून पुन्हा उचलायची. आमचं एकमेकांशी अजिबात पटत नव्हतं. पण रोज न चुकता हात लावणारी तीच एक होती.

विपुलने हे पाहिलं. एक दिवस ती बाजारात गेली असताना त्याने मला पंपाच्या खोलीच्या पत्र्यावर फेकून दिलं आणि तिला सांगितलं, की घण भंगारात गेला. ती मग ओल्या वाळूची बादली बोटांवर धरून उभी राहायची. मी वरून पाहायचो. भर उन्हात माझा दांडा वाळून खरबरीत झाला आणि त्या पत्र्यावर मी एकच गोष्ट मनाशी पक्की केली. विपुलचं नाक.

खंडेनवमी आली. त्यांची आई नर्मदा कोयते, पहार, कुदळ पूजेला मांडू लागली आणि माझी जागा रिकामी दिसली. घरातलं एक हत्यार पूजेविना राहिलं तर वर्ष वाईट जातं, असं तिचं ठाम मत. तिने घर डोक्यावर घेतलं, तेव्हा विपुलला मुकाट्याने शिडी लावून मला उतरवावं लागलं. माझा दांडा पाहून नर्मदा कळवळली. लेकीचा हात सोलू नये म्हणून तिने तिळाचं तेल घेतलं आणि डोक्यापासून टोकापर्यंत चांगलं चोळलं. तेल लोखंडाला लावतात, दांड्याला नाही. पण तोंड नसलेल्याचं कोण ऐकतं? वर हळदकुंकू आणि झेंडू. पूजेला लावलेल्या हत्याराला दसरा होईपर्यंत कुणी हात लावत नाही, त्यामुळे तेल कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदार अंगणात खुर्चीवर बसला होता. हातातला जोर दाखवायला मयुरा मला उचलायला वाकली, तोच विपुल पुढे झाला.

"थांब. आधी मी करतो. मग लोकांना फरक कळेल."

त्याने मला टोकाला धरून उभं केलं आणि मनगट वाकवलं. मी खाली आलो. नाक जवळ आलं. मूठ तेलावरून घसरली आणि मी सुटलो. मित्रांनो, तेवढा आनंद मला पाषाण फोडतानाही झाला नव्हता.

आणि तेवढ्यात दांड्यावर एक हात आवळला गेला. उजवा, मोडलेला, माझ्या डोक्याच्या अगदी खाली. माझं डोकं विपुलच्या नाकासमोर बोटभर अंतरावर थांबलं. मयुराने मला तसंच बाजूला घेतलं, हात सरळ केला आणि आडवं धरून ठेवलं. तिचं मनगट हललं नाही.

"दादा, मागे हो. मी धरलाय," ती म्हणाली.

विपुलच्या तळहातावर आपणच चोळलेलं तेल पाहून नर्मदाने कपाळावर हात मारला. रतनभाऊंनी दांड्यावर घट्ट मिटलेली लेकीची बोटं पाहिली.

"शेठ, चहा घ्या आणि निघा," ते ठेकेदाराला म्हणाले. "वाडी द्यायची नाही."

त्या संध्याकाळी नर्मदाने स्वतः राखेने माझा दांडा घासून काढला. विपुल अजून माझ्यापासून चार हात लांब राहतो. बरं करतो, कारण माझा राग गेलेला नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, हत्याराला फुलं वाहिली नाहीत तरी चालेल, पण त्याला उन्हात फेकू नका आणि दांड्याला तेल लावू नका. लावलंच, तर उचलण्याआधी मयुरा जवळपास आहे का, तेवढं पाहून घ्या.