थ्रीडी कार्ड आणि वाकडं अंगण

गोष्ट नव्याण्णव सालची. नगरला सावेडीत राहणारा यशया साळवे एसटीत ड्रायव्हर होता, आणि गेले काही आठवडे तो घरात एका कार्डाला विरोध करत होता. कार्ड म्हणजे पत्त्यातलं नव्हे की रेशनचं नव्हे. त्याचा मुलगा जोशुआ कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचा. एकेक भाग जमवून त्याने घरी कॉम्प्युटर उभा केला होता, आणि आता त्यातलं चित्र दाखवणारं जुनं कार्ड काढून नवं थ्रीडी कार्ड बसवावं, असं त्याच्या मनात होतं.

"पप्पा, गेममधली गाडी नुसती ठोकळ्यांची दिसते. नव्या कार्डावर खरी दिसेल."

पैसे जोशुआच्या पगारातले जाणार होते, तरी यशया आडवा. "त्यानं लाईट जास्त जळंल," तो म्हणे. मग म्हणे, "जुनं बरं चाललंय, त्याला कशाला डिवचायचं?" एकदा तर म्हणाला, "पावसाळ्यात नवी वस्तू घरात आणू न्हाई." असलं शास्त्र त्याच्या वाडवडिलांनी ऐकलं नव्हतं आणि चर्चच्या पाळकांनीही नाही. त्याची बायको मरिया तोंडाकडे बघत राहिली. एरवी हा माणूस पोराच्या शब्दाबाहेर नसायचा.

खरं कारण पोटात होतं, ते ओठावर आणायची छाती नव्हती.

झालं होतं असं की सुट्टीच्या दिवशी जोशुआने बापाला गाड्यांच्या शर्यतीचा गेम शिकवला. आधी यशया हसला. खरी गाडी हाकणाऱ्या माणसाने खोटी काय हाकायची! पण बसला, आणि लागला नाद. समुद्राच्या कडेचं एक वळण मात्र त्याला कधीच साधेना. रस्ता सरळ दिसायचा, आणि अचानक भिंत समोर. धडाम! जोशुआ तिथेच गाडी अशी अलगद वळवायचा की बघत राहावं.

"तुला वळण कुठनं दिसतं रं?" यशयाने एकदाच विचारलं.

"ते काय, समोर!" जोशुआ खेळता खेळता म्हणाला. त्या एका शब्दाने यशयाची झोप उडाली.

पोराला दिसतं, आपल्याला दिसत नाही. तुम्ही म्हणाल, रोज गाडी चालवणाऱ्याला आपले डोळे कळत नाहीत? नाही कळत. यशया बारा वर्षं नगर-जामखेड चालवत होता. कुठे खड्डा, कुठे बाभूळ, कोणत्या वस्तीवरची म्हातारी हात न करताच गाडीत चढायची, सगळं पाठ. पाठ असलेल्या रस्त्यावर डोळे किती लागतात हे कोणी सांगावं? परका रस्ता समोर आला, तोही कॉम्प्युटरमधला, आणि आपलं पितळ उघडं पडलं, असं त्याने धरून घेतलं. त्यात डेपोतली डोळ्यांची तपासणी तोंडावर आलेली. मागच्या खेपेला कारभारी नावाचा ड्रायव्हर तिथेच अडला. आता तो डेपोत गाड्या धुतो, आणि कोणी 'ड्रायव्हर' म्हणून हाक मारली तर वर बघत नाही.

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक दुसऱ्याला हसतात. यशयाला ते अंगण वाकडंच राहायला हवं होतं. जुनं कार्ड आहे तोवर दोष कार्डाचा. नवं आलं आणि तरीही भिंत दिसली नाही, तर मग दोष कोणाचा? झाकली मूठ बरी.

पण मूठ उघडायला महेंद्र आला. हा जोशुआचा मित्र, त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. रविवारी उपासनेहून घरी येऊन जेवणं होतात न होतात तोच कार्ड घेऊन दारात हजर. "काका, लावून तर बघा. नाही पटलं तर परत नेतो."

यशयाने चपला शोधायला सुरुवात केली.

"कुठं निघालात?" मरिया म्हणाली. "बसा तितं."

बसला बिचारा. महेंद्रने कॉम्प्युटरची पेटी उघडली, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं. जोशुआने गेम सुरू केला आणि बापाला पुढे ढकललं. यशयाने मनात येशूचं नाव घेतलं आणि मान वर केली.

समुद्र होता. निळा, पार लांबवर. डोंगर होता, डोंगरावर झाडं होती. आणि लांब, अजून किती तरी लांब, वळणाचा बाण काढलेली पिवळी पाटी होती.

"पाटी!" यशया ओरडला. "पाटी दिसती रं! जोशुआ, ती पाटी आधी हुती का?"

"होती ना. पण जुन्या कार्डावर जवळ गेल्याशिवाय यायचीच नाही."

"मग तू कसा वळायचास?"

"पाठ होतं, पप्पा. भिंत तर मलाही दिसायची नाही."

यशयाने कीबोर्डवरचे हातच काढून घेतले. गाडी समुद्रात गेली तरी त्याचं हसू थांबेना. हसता हसता डोळे पुसू लागला, आणि महेंद्रला वाटलं काकांना कार्ड फारच आवडलं.

"ठेव हे," यशया म्हणाला. "परत नेऊ नको. आन् मंगळवारच्या तपासणीला मी आता ताठ मानंनं जाणार."

मरियाच्या ध्यानात काहीतरी आलं. तिने त्याला चहाच्या निमित्ताने आत बोलावलं आणि सगळं काढून घेतलं. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला.

"एकट्यानं सोसलं व्हय? मला सांगायचं न्हाई?" मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "मग तुमी रोज या दारात उभं राहून एक डोळा मिटून माझ्याकडं बघत हुता, ते काय हुतं?"

यशया ओशाळला. "तुझ्या मंगळसूत्राचे मणी मोजत हुतो. लांबनं दिसत्यात का म्हणून."

"आन् मी मेली रोज वेणी माळून उभी राहायची!" मरियाने भांडं आपटलं, पण तिला हसू आवरेना. "किती मणी भरले मग?"

"मोजत न्हाई आता," यशया म्हणाला. "आता नुसताच बघतो."