खोल्या कुणी रिकाम्या केल्या

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. जन्मभर इस्पितळात ड्यूट्या करून बांधलेल्या घराच्या वरच्या दोन खोल्या त्यांनी एका जोडप्याला भाड्याने दिल्या होत्या. बायको लॉन्ड्रीत इस्त्री करायची. नवरा जुन्या गाड्यांची दलाली करतो म्हणायचा. करताना कुणी पाहिलं नव्हतं.

सहा महिने झाले, भाडं बंद होतं. सिस्टर मागायला गेल्या की तो दाराला टेकून उभा राहायचा.

"कोर्टात जा ना, काकू. निकाल लागेपर्यंत तुम्ही असाल का, तेवढं बघा."

"मी दिसते त्यापेक्षा चिवट आहे," सिस्टर म्हणाल्या.

भाचा दोन पैलवान आणून सामान रस्त्यावर काढायला निघाला होता. त्यालाही त्यांनी झापलं, "माझं घर मी दांडगाईने नाही घेणार." आणि वकिलाकडून नोटीस पाठवली.

नोटीस आली तेव्हा नवरा घरी नव्हता. बायकोने सही करून घेतली, जिन्यातच वाचली आणि तडक खाली आली.

"भाडं मिळालंच नाही?"

"छदामही नाही."

"काकू, दर पगाराला मी त्याच्या हातात देते." आवाज चढला नाही, पण कान लाल झाले. सिस्टरनी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.

रविवारी नवरा मित्रांकडे गेला आणि दारात टेम्पो लागला. लॉन्ड्रीतल्या दोन मैत्रिणींनी कपाट, शेगडी, भांडी खाली आणली. तो परतला तेव्हा गादी जिन्यात होती.

"काय तमाशा चाललाय? कुणाला विचारून?"

"करार माझ्या नावावर आहे. खोल्या मी घेतल्या, मीच सोडतेय. सरक."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तुझं तू बघ."

त्याने गादीचं टोक घट्ट धरलं. एका मैत्रिणीने असा हिसका दिला की गादी सुटली आणि तो भिंतीवर आदळला.

किल्ली घेताना सिस्टर म्हणाल्या, "तू एकटी राहा की. तुझ्याशी माझं भांडण नाही."

"नको, तो रोज दारात येऊन बसेल. थकलेलं भाडं मी फेडीन, थोडं थोडं."

"तू एकदा दिलंयस. आता ते मी त्याच्याकडूनच काढीन."

टेम्पो गेला. नवरा कपड्यांची पिशवी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता.

"काकू, निदान आजची रात्र..."

"नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि नवं कुलूप घेऊन जिना चढू लागल्या. गुडघे कुरकुरत होते. त्या मध्ये थांबल्या नाहीत.