गॅरेजचा खड्डा

आमच्या चर्चच्या मंडळीला पन्नास वर्षं झाली, म्हणून पास्टरांनी तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलं. म्हणे, "काकू, पहिल्यापासून तुम्हीच आहात." आहे बाबा! बाकीचे देवाघरी गेले, मी उरले, एवढीच माझी लायकी.

आमची ही पेन्टेकॉस्टल मंडळी सुरू झाली आमच्या ह्यांच्या गॅरेजात. हे मेकॅनिक. रविवारी गाड्या बाहेर ढकलायच्या, जमीन रॉकेलने पुसायची आणि बाकं मांडायची. पहिल्या पास्टरांना सगळे दादा म्हणायचे. त्यांचा आवाज असा, की छपराचा पत्रा थरथरायचा. आणि आम्ही काय कमी? टाळ्या, डफ, हालेलूया! समोरचा शिंपी वैतागून खिडकी लावायचा, पण मशीन मात्र आमच्याच तालावर चालवायचा.

बाप्तिस्मा म्हणजे आमच्यात पूर्ण बुडवून, शिंपडाशिंपडी नाही. हौद कुठून आणायचा? दादांची नजर गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्यावर गेली. झालं! ह्यांनी तो तीन दिवस सोड्याने घासला, नळी लावून भरला. तरी तेल ते तेलच. आत गेलेली माणसं पापं धुऊन, पण पांढऱ्या झग्यावर कमरेभोवती काळा पट्टा घेऊन बाहेर यायची.

पुढे माणसं वाढली, तशी मंडळी एका बंद थिएटरात भाड्याने गेली. तिथल्या खुर्च्या आपोआप मिटणाऱ्या. दादा "उभे राहा" म्हणाले की दोनशे खुर्च्या धाडधाड वाजायच्या, नवा माणूस दचकून दाराकडेच बघायचा. बाप्तिस्म्याला मात्र वरात गॅरेजवरच. आठ वर्षांपूर्वी ही स्वतःची इमारत झाली. काचेचे दरवाजे, फरशी लावलेला हौद, वर गरम पाण्याची सोय. चैन आहे नुसती!

ह्या सगळ्यात एकच माणूस कोरडा राहिला, आमचे हे. जन्मभर दुसऱ्यांसाठी पाणी भरलं, पण स्वतः काही उतरले नाहीत. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी आत गेलो तर पंप कोण बघणार?" लोक हसायचे. खरं काय ते मला ठाऊक. लहानपणी हे विहिरीत पडले होते. अजूनही तोंड धुताना एका हाताने बेसिन धरून ठेवतात. मी काय कमी भांडले? दिव्याखाली अंधार, असं तोंडावर म्हणायचे. शेवटी दमले आणि विषय सोडला. पण ह्यांना एकदा पाण्यातून वर येताना बघितल्याशिवाय मला मरण नको, हे मनातून काही गेलं नाही.

तर इतिहासासाठी मी बाप्तिस्म्याची पहिली वही काढली. माझा नंबर दोन. एक नंबर दादांचा, दोन माझा, असं मी जन्मभर मिरवत आले. उघडून बघते तर काय, दादांचं नाव वहीत नाहीच! त्यांचा बाप्तिस्मा आधीच दुसऱ्या गावी झालेला. पहिल्या ओळीत नुसता नंबर, आणि पुढे दादांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलेलं: "मेकॅनिक. घाई नाही. जागा धरली आहे."

दादांना जाऊन बावीस वर्षं झाली. मी वही काखेत मारली आणि तडक गॅरेज गाठलं. हे हाताखालच्या पोरावर कुठल्याशा सैल नटावरून ओरडत होते. मी वही नाकासमोर धरली. ह्यांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला.

"म्हातारा मला कधी बोलला नाही," हे म्हणाले.

"तुम्ही ऐकलं असतंत?"

हे खड्ड्याच्या काठाशी गेले, आत वाकून बघितलं. मग हळूच म्हणाले, "त्या नव्या हौदात नाही हं. तो फार रुंद आहे. इथे दोन्ही भिंतींना हात लागतात."

रविवारी अख्खी मंडळी काचेचे दरवाजे बंद करून गॅरेजात आली. पंपावर मी! म्हटलं, आता सांगा सबब. पास्टर बिचारे कडक इस्त्रीच्या शर्टात खड्ड्यात उतरले. मागून हे, दोन्ही हात भिंतींवर रोवून.

"काका, हात सोडावे लागतील," पास्टर म्हणाले.

ह्यांनी वर माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, पुरे झालं, काढा माझ्या माणसाला बाहेर.

"मी आहे ना इथे," मी म्हटलं.

एक हात सुटला. मग दुसरा. आणि हे पाण्याखाली गेले.

वर आले ते फुरफुरत, कमरेला काळा पट्टा घेऊन. टाळ्यांनी पत्रा हादरला. मी हमसून हमसून रडत होते. ह्यांचा पहिला शब्द काय? "अगं, पंप बंद कर!" रडण्याच्या नादात मी विसरलेच होते, पाणी सगळ्यांच्या चपलांपर्यंत आलं होतं.

संध्याकाळी पेन्सिलीच्या त्या ओळीशेजारी मी शाईने ह्यांचं नाव लिहिलं. खाली माझं होतंच. पन्नास वर्षं मी नंबर दोन म्हणून मिरवले, पण कोणाच्या मागे उभी होते ते त्या दिवशी कळलं.