करवलीचं सरबत

"हे फेकून द्या," झुंबरबाईंनी ग्लास खाली ठेवला. "कडूजहर झालंय. सकाळीच पिळून ठेवलं का काय तुमी, सिस्टर?"

सकाळीच पिळलं होतं. ड्यूटीवर जायच्या आधी मोसंबी सोलून, पिळून, पातेलं झाकून ठेवलं, मोठं काम उरकल्याच्या थाटात. मोसंब्यांच्या मुलखात इतकी वर्षं नोकरी केली, पण रस काढून ठेवला की कडू होतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. पिळायचा आणि प्यायचा, एवढंच आमचं जुन्या जालन्यातलं ज्ञान.

"मंग वऱ्हाडासमोर बसून पिळायचं का?" मी म्हटलं.

"व्हय! नवरदेव घोड्यावर, अन् नीला सिस्टर मोसंब्या पिळून राह्यल्या!" झुंबरबाई पदर तोंडाला लावून हसल्या. त्या राजूरच्याच. घरोघर दूध घालायच्या, आणि दुधाबरोबर बोलणंही फुकट घालायच्या.

हे सगळं चाललं होतं दुर्गाबाईंच्या अंगणात, लिंबाच्या सावलीला. दुर्गाबाई आमच्या आरोग्य केंद्रात आया. मी तिथली नर्स. साल नव्व्याण्णव. त्यांच्या धाकट्या लेकीचं, मथुरीचं लग्न आठ-पंधरा दिवसांवर आलं होतं. नवरा मुलगा जालन्यात बियाणांच्या कंपनीत कामाला. मथुरीनं जालन्याच्या एका लग्नात पाहिलं होतं, वऱ्हाड उतरलं की दारातच रंगीत थंडगार ग्लास हातात देतात. वेलकम ड्रिंक म्हणे. तिनं तेच धरून ठेवलं होतं. मग आम्ही मैत्रिणींनी ठरवलं, जिनं तिनं एकेक सरबत करून आणायचं, चाखायचं आणि एक पक्कं करायचं. माझी मोसंबी कडू निघाली. झुंबरबाईंचं पन्हं बरं होतं, पण त्यात वेलदोडा इतका की जीभ बधिर झाली. लिंबू-सरबत मथुरीलाच नको होतं. "लिंबू तर कोणीबी देतं, मावशी," ती म्हणाली आणि भांडी घासायला निघून गेली.

दुर्गाबाई उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होत्या. चाखायला आल्याच नाहीत.

"अहो, लग्न तुमच्या लेकीचं. एक घोट तरी घ्या," मी म्हटलं.

"तुमी सांगा. तुमी सांगसाल ते बराबर."

मी पुढं रेटलं नाही. का ते मला माहीत होतं, झुंबरबाईंना माहीत होतं, सगळ्या राजुराला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त पुष्पाबाईंना. त्यांच्या मालकांची बदली होऊन त्यांना इथं येऊन वर्षही झालं नव्हतं. बाई मनानं चांगली, पायात भिंगरी. त्या तेवढ्यात फाटकातून आत आल्या, हातात बाटली उंच धरून.

"हे बघा! घरी केलंय, गावरान गुलाबाचं! नुसता वास घ्या!"

आणि झाकण उघडलंसुद्धा.

दुर्गाबाईंच्या मांडीवरचं सूप खाली घसरलं. तांदूळ सगळ्या ओट्यावर पसरले. त्यांनी बाटलीकडं पाहिलंच नाही. त्या पाहत होत्या अंगणाच्या कोपऱ्यात, रांजणाकडं. तिथं कोणी नव्हतं. तिथं पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरला, आणि त्या उठून आत गेल्या.

"माझं काही चुकलं का?" पुष्पाबाई बिचाऱ्या बाटली धरून तशाच उभ्या.

"झाकण लावा आधी," झुंबरबाई म्हणाल्या.

मग मीच त्यांना सांगितलं, बारा वर्षांपूर्वीचं. दुर्गाबाईंच्या थोरल्या लेकीचं, द्वारकीचं लग्न. मे महिना, ऊन असं की कावळासुद्धा सावली सोडेना. दुर्गाबाईंनी हौसेनं गुलाबाचं सरबत केलं होतं. बर्फ बाहेरून आणला, पाणी टँकरचं. नवऱ्या मुलाची धाकटी बहीण कौशी करवली होती. पोरगी चौदा-पंधराची, नुसती चिमणी. करवलीचा मान मोठा, तिला नाही म्हणायचं नसतं. ती सारखी दुर्गाबाईंच्या मागं, "मावशी, अजून एक द्या ना," आणि दुर्गाबाई लोकांना थांबवून तिला आपल्या हातानं ग्लास भरून देत होत्या. संध्याकाळपासून वऱ्हाडाला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आमच्या केंद्रात जागा पुरेना, मी व्हरांड्यात सतरंज्यांवर माणसं झोपवून सलाईन लावली. बाकी सगळी उठून घरी गेली. कौशीला जीपमधून जालन्याला नेलं, ती वाटेतच गेली.

सरबतानं झालं, बर्फानं, टँकरनं का बासुंदीनं, ते कधीच कळलं नाही. तपासणीला नमुने नेले, त्यांचं काय झालं देवाला ठाऊक. पण दुर्गाबाईंना तपासणी लागली नाही. त्यांनी आपला निकाल आपणच लावला. त्या दिवसापासून त्यांनी कुणाच्या हातात पाणी दिलं नाही. घरी पाहुणा आला की तांब्या समोर ठेवणार, घ्या म्हणणार. केंद्रात पेशंटनं पाणी मागितलं की मला हाक मारणार. बाकी सगळं करायच्या, रक्तानं भरलेल्या चादरी धुवायच्या, बाळंतिणीचं सगळं बघायच्या. पाणी तेवढं नाही. मी आधी चिडायचे. म्हणायचे, "हे काय नवीन सोवळं?" मग एकदा त्यांनी कारण सांगितलं, आणि माझं चिडणं गेलं.

पुष्पाबाईंना अंगणात बसवून मी आत गेले. दुर्गाबाई भिंतीतल्या देवळीला टेकून उभ्या होत्या.

"कौशी आली का?" मी विचारलं.

"आल्ती. रांजणापाशी बसल्ती."

"दुर्गाबाई, ऊन आहे, तुम्ही सकाळपासून उपाशी..."

"सिस्टर, उनाचं मला नका सांगू. गुलाबाचा वास आला का ती येती. दुसऱ्याच्या लग्नात बी येती. काही बोलत न्हाई. नुसती बसती अन् बघती. ओठ पार सुकलेले." त्या माझ्याकडं वळल्या. "मला तिचं भेव न्हाई वाटत आता. पर हिच्या लग्नात येऊ ने. मथुरीच्या सासरच्यांपुढं मी अशी बघत बसले तर ते काय म्हणतील? अन् साळूबाई येनार हायेत."

इथं खरं दुखणं होतं. साळूबाई म्हणजे द्वारकीची सासू, कौशीची आई. धाकटीच्या लग्नात थोरलीच्या सासूचा मान असतो, बोलावणं करावंच लागतं. त्या बारा वर्षांत या घरात आल्या नव्हत्या. द्वारकीला छळलं नाही, टाकून बोलल्या नाहीत, नातवंडांचं सगळं केलं. फक्त इथलं पाणी प्यायल्या नाहीत. आता बोलावण्यावर त्यांनी "येते" म्हणून निरोप धाडला होता. आल्या आणि नव्या सोयऱ्यांसमोर ग्लास परत केला, तर त्याचा अर्थ सगळ्या मांडवाला कळणार होता. मथुरीच्या सासरी पहिल्याच दिवशी ही गोष्ट तिच्या आधी पोचली असती.

"मंग पन्हं करू," मी म्हटलं. "वेलदोडा कमी घालून. गुलाब मांडवाच्या आसपास येणार नाही, ही माझी जबाबदारी."

बाहेर येऊन हेच सांगितलं, तशी झुंबरबाईंनी मान डोलावली. पुष्पाबाईंनी बाटली पिशवीत घालून वरून टॉवेल गुंडाळला, जशी काही ती चोरीची होती. पन्हं पक्कं झालं.

पक्कं राहिलं लग्नाच्या चार दिवस आधीपर्यंत. तेव्हा द्वारकी माहेरी आली, लग्नघरच्या कामाला. पोरं अंगणात सोडली, पाय धुतले, आणि आम्ही कैऱ्या उकडत होतो तिथं येऊन उभी राहिली.

"आई, आत्याबाईंनी निरोप देलाय. गुलाबाचंच सरबत करा म्हणून."

झुंबरबाईंच्या हातातली कैरी हातातच राहिली.

"काय म्हणल्या साळूबाई?" झुंबरबाईंनी विचारलं.

"गुलाबाचंच करा. दुसरं काही नको. एवढंच म्हणल्या. मी इचारलं काहून, तर काही बोलल्या न्हाईत."

माझं डोकं फिरलं. "हे बरं आहे! बारा वर्षं गप्प बसायचं आणि नेमकं लग्नात उट्टं काढायचं! त्यांना हिच्या हातात तोच ग्लास द्यायचाय, चार लोकांत. मुळीच करायचं नाही, दुर्गाबाई. सांगा, गुलाब मिळाला नाही."

"जखमेवर मीठच हे," झुंबरबाई म्हणाल्या. "पर तिची लेक गेली ना, बाई. तिनं मीठ टाकलं तर टाकू द्या."

"म्हणून हिनं मरायचं का?"

"सिस्टर," दुर्गाबाई म्हणाल्या, "करायचं."

"तुम्हाला काही कळतं का?"

"कळतं. त्यांनी एवढ्या सालात माझ्याजवळ काही मागितलं न्हाई. लेक गेली तवाबी मला एक शबुद बोलल्या न्हाईत. आता मागून राह्यल्या तर न्हाई कसं म्हनू? त्यांना मांडवात मला बोलायचं असंल तर बोलू द्या. मी ऐकून घेईन. मथुरीचं काय व्हायचं ते व्हईल."

मथुरीचं काय व्हायचं ते होईल, असं ती आई मनापासून म्हणूच शकत नव्हती, पण म्हणाली. मी रागानं कैऱ्यांचं पातेलं उतरवलं आणि पुष्पाबाईंकडं निरोप धाडला.

लग्नाच्या दिवशी पाण्याचा ताबा माझा. बर्फ आणू दिला नाही. दोन हंडे पाणी मी स्वतः उकळवलं, समोर बसून, बुडबुडे येऊन मेले तरी उतरू दिलं नाही. "सिस्टर, पानी हाय, मटन न्हाई," असं आचारी म्हणाला, त्याच्याकडं मी असं बघितलं की तो परत तिकडं फिरकला नाही. गार झाल्यावर पाणी रांजणांत भरलं, रांजणांना ओली फडकी बांधली. पुष्पाबाईंनी त्यात सरबत कालवलं. रंग असा सुरेख आला की मथुरी हळदीच्या हातानं डोकावून गेली. दुर्गाबाई लांब उभ्या होत्या. वास त्यांच्यापर्यंत गेला असणार. त्यांची नजर रांजणाशेजारच्या बाकड्यावर गेली आणि तिथंच थांबली.

वऱ्हाड आलं. सरबत मी आणि झुंबरबाईंनी वाटलं. पोरं नाचून घामाघूम झाली होती, त्यांनी दोन-दोन ग्लास घेतले, नवरदेवाच्या मामानं "वा, क्या बात है" म्हटलं. मी प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत होते, जणू आत्ताच कोणी पडणार आहे. अक्षता पडल्या. पंगती बसल्या. तरी साळूबाईंचा पत्ता नव्हता.

त्या आल्या पहिली पंगत उठताना. द्वारकीनं त्यांना मांडवात सगळ्यांमध्ये बसवायला नेलं, पण त्या थांबल्या नाहीत. बारीक अंगाच्या, डोक्यावर पदर, सरळ रांजणांकडं आल्या आणि बाकड्यावर बसल्या. विहिणी-विहिणी काय बोलतात ते ऐकायला चार बायका मांडवाच्या कडेला सरकल्याच.

"द्या," त्या दुर्गाबाईंना म्हणाल्या.

मी ग्लास भरायला पुढं झाले. त्यांनी हातानं मला थांबवलं. "त्यांच्या हातून."

दुर्गाबाईंनी ग्लास भरला. निम्मं लुगड्यावर सांडलं. त्यांनी दोन्ही हातांनी तो पुढं केला. साळूबाईंनी घेतला आणि मांडीवर धरून ठेवला. प्यायल्या नाहीत.

"इहीनबाई, द्वारकी सांगत व्हती, तुमाला कौशी दिसती."

मी द्वारकीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"दिसती," दुर्गाबाई म्हणाल्या. "माझ्या हातानं गेली ती. मला बोला तुमी. काय बोलायचं ते..."

"मला न्हाई दिसली." साळूबाई त्यांचं ऐकतच नव्हत्या. "एकदाबी न्हाई. मी तिचा परकर उशाला घेऊन निजते. परसात जाऊन हाका मारल्या. मांडकीच्या देवरुषाकडं बी जाऊन आले. सपनात सुदीक येत न्हाई माझ्या. म्या आई हाय तिची. मंग द्वारकी म्हणली, गुलाबाचा वास आला का तुमच्याकडं येती. म्हणून म्हणलं, गुलाबाचंच करा." त्यांनी ग्लास घट्ट धरला. "मी भांडायला न्हाई आले. पाह्यला आले."

मला माझं चार दिवसांपूर्वीचं बोलणं आठवलं आणि लाज वाटली.

"हाय का आत्ता?"

"हाय."

"कुटं?"

"तुमच्या उजव्या अंगाला."

"काय घातलंय?"

"हिरवा परकर. जरीचा काठ. वेणीतला गजरा सुटून खांद्यावर आलाय."

"म्याच घातल्ता," साळूबाई म्हणाल्या. "घट बसंना. केस लई मऊ तिचे." मग विचारलं, "आजारी दिसती का?"

दुर्गाबाईंनी बाकड्याच्या त्या मोकळ्या कोपऱ्याकडं पाहिलं. त्या तिथं काय बघत होत्या, मला ठाऊक होतं. त्यांनी मला आजवर एकच सांगितलं होतं, ते सुकलेले ओठ.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "नटलेली हाय. हासून राह्यली."

साळूबाईंनी उजवीकडं मान वळवली नाही. ग्लास सांभाळत त्या बाकड्यावर जराशा डावीकडं सरकल्या, पदर आवरून घेतला, आणि सरबत प्यायल्या.