दोनदा विचारलेला प्रश्न

रक्तपेढीत सतरा वर्षं काढली की माणसाच्या शब्दावर विसंबायची सवय सुटते. रक्त द्यायला आलेल्याला ती आधी सरळ विचारायची, "औषधं कुठली चालू आहेत?" मग वजन, रक्तदाब, इकडच्या तिकडच्या गप्पा, आणि दंडाला पट्टा बांधताना पुन्हा, सहज विचारावं तसं, "डोकंबिकं दुखलं तर काय घेता?" उत्तरं जुळली तर सुई. नाहीतर पट्टा सोडायचा.

पन्नाशी उलटल्यावर तिने चौदा किलो वजन उतरवलं आणि जबड्याखालची कातडी रिकाम्या पिशवीसारखी लोंबू लागली. जो तो विचारी, "बरं नाही का?" शेवटी तिने फेसलिफ्टचं मनावर घेतलं. सोबतीला धाकटी नणंद.

पहिल्या दवाखान्यातली पांढऱ्या कोटातली मुलगी डॉक्टर नव्हती, हे तिला पाच मिनिटांत कळलं. "धोका? छे हो मॅडम! मंगळवार देऊ की शुक्रवार?" भूल कोण देणार, असं विचारलं तर मुलीने 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो पुढे केले.

"वहिनी, न्हावीसुद्धा आधी विचारतो, किती कापू," नणंद जिन्यात म्हणाली.

दुसऱ्या दवाखान्यात खुद्द डॉक्टरबाई भेटल्या. तिने घरून तयार करून आणलेले प्रश्न एकामागून एक टाकले. कातडीखाली रक्त साकळलं तर?

"साकळतं कधी कधी. त्याच दिवशी पुन्हा उघडून काढावं लागतं. गेल्या वर्षी दोघींचं काढलं."

चेहऱ्याच्या नसेला धक्का लागला तर?

"बहुतेक वेळा काही महिन्यांत सुधारते. क्वचित नाही सुधारत."

ती आणखीच सावध झाली. इतकं खरं बोलणारी बाई लपवत काय असेल?

"सिगारेट?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

शेजारी नणंद बसलेली. "नाही."

डॉक्टरबाईंनी चिमटीत कातडी धरून पाहिली, कानामागे बोट फिरवलं, दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. "तुमच्या कामात ताण फार. मधल्या वेळात दम खायला कुठे जाता?"

हा तर तिचाच डाव!

"चहाला," ती म्हणाली. उत्तरं जुळली. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहूनही घेतलं.

"विचारते अशासाठी की कातडी सोडवून ओढली की तिला रक्त आधीच कमी पोचतं. त्यात निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळल्या तर कानामागचा भाग काळा पडतो, मरतो. मग वण कुठे लपवायचा?"

यातलं तिला नवीन काहीच नव्हतं. तारीख ठरली की आठवडाभर आधी सोडू, असा हिशेब तिने मनाशी कधीच करून ठेवला होता. आठवडा पुरेल, हे मात्र तिला कुणीच सांगितलेलं नव्हतं. तिच्या टेबलापाशी खोटं बोलणाऱ्यांचं रक्त निदान दुसऱ्याला जायचं. इथे कान तिचेच होते.

"चहाला नाही," ती म्हणाली. "गच्चीवर जाते. दिवसाला सहा. कधी आठ."

"आठ?" नणंद खुर्चीतून उठलीच. "आणि घरात वास आला की दादाचं नाव पुढे! बिचाऱ्याचे खिसे तपासले गं मी!"

"ते तुमचं घरी जाऊन मिटवा," डॉक्टरबाई म्हणाल्या. लिहिलेल्यावर त्यांनी आडवी रेघ मारली. "सहा आठवडे पूर्ण बंद. मग या. रक्तदाबही चढाच आहे, तोही तोवर खाली यायला हवा. आज तारीख देत नाही. आणि एवढं करून जबडा नि मान सुधारेल, डोळ्यांखालचा थकवा नाही. तेवढ्यासाठी हे करायचंय का, त्याचाही विचार करा."

"सहा आठवड्यांनी मी 'सोडली' म्हटलं, तर विश्वास ठेवाल?"

"मुळीच नाही. लघवी तपासेन."

इतका वेळ मांडीवर घट्ट धरलेली पर्स तिने शेजारच्या स्टुलावर ठेवली आणि खुर्ची जरा पुढे ओढली.

"कुठल्या प्रयोगशाळेत?" तिने विचारलं.